छायाचित्राची मागची बाजू

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले होते. रात्रीची जेवणे झाल्यावर वडील म्हणाले, "पोळ्याला बैलांचे फोटू काढले व्हतेस की गं. दाव बरं." मी खाली मान घालून बसले. आमची देवणी बैलांची जोडी दसऱ्याच्या सुमारास विकली गेली होती. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होऊ लागली होती आणि वैरणीचा खर्च झेपत नव्हता. त्या जोडीचा तो शेवटचा पोळा. मी एकशे चाळीस फोटो काढले होते आणि त्यांतला एकही धड माझ्याजवळ शिल्लक नव्हता. वडील रागावले नाहीत. "बरं, ऱ्हाऊ दे," एवढेच म्हणून उठले आणि रिकाम्या गोठ्याकडे गेले. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. अहमदपूर तालुक्यातील आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. यंत्रांविषयी अधिकारवाणीने लिहिण्याचा माझा हक्क नाही, याची मला जाणीव आहे. परंतु चुका करून जे शिकावे लागले आणि नांदेडच्या घाटावर जाणत्या माणसांनी जे शिकवले, ते आपल्या वार्षिकांकाच्या वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रविवारी सकाळी गोवर्धन घाटावर आम्ही पाच-सहा जण जमतो. आमच्या मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही आणि अध्यक्षही नाही. कंधारचा एक मित्र आहे, त्याच्याकडे फक्त मोबाईल. औषधाच्या दुकानात काम करणारा एक दादा आहे, त्याने पगारातून पैसे साठवून चांगला कॅमेरा घेतला. माझ्याकडे मामाने त्याच्या मित्राकडून साडेअकरा हजारांना घेऊन दिलेला जुना डीएसएलआर आहे. आणि आमच्यात सर्वांत वडीलधारे म्हणजे एक निवृत्त गुरुजी. त्यांच्याकडे अजून जुना याशिका कॅमेरा आहे. सूर्य वर येईपर्यंत फोटो काढायचे आणि नंतर चहाच्या टपरीवर बसून एकमेकांच्या चुका काढायच्या, असा आमचा क्रम असतो.

कॅमेरा कोणता घ्यावा?

नवीन येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो. गुरुजींचे उत्तर ठरलेले: "हातात आहे तो." आजच्या मोबाईलमध्ये भर उजेडात उत्तम फोटो येतात. मोबाईल उणा पडतो तो मुख्यतः तीन ठिकाणी. दूरचा पक्षी टिपायचा असला, अंधारात हलणारी माणसे टिपायची असली किंवा फोटो भिंतीएवढा मोठा छापायचा असला, तर वेगळ्या कॅमेऱ्याची गरज भासते. ही गरज खरोखर भासू लागेपर्यंत पैसे खर्च करू नयेत.

जुना कॅमेरा घेणाऱ्याने काही गोष्टी तपासून घ्याव्यात. लेन्स काढून उजेडासमोर धरावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी आहे असे समजावे आणि ती लेन्स घेऊ नये. मग छिद्राचा आकडा १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा. त्यात काळसर ठिपके दिसले, तर संवेदकावर धूळ बसलेली आहे. ती साफ होऊ शकते, पण किंमत ठरवताना हे ठाऊक असावे. बॅटरी फुगलेली नाही ना, हे पाहावे. शटर आजवर किती वेळा उघडले आहे, तो आकडाही विचारावा.

कॅमेऱ्याबरोबर साधारणपणे १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स मिळते. ती पुष्कळ दिवस पुरते. पुढे एकच लेन्स घेणे शक्य असेल, तर ५० मिलिमीटरची, १.८ छिद्राची घ्यावी. ती स्वस्त असते, हलकी असते आणि घरातल्या मंद उजेडात माणसांचे चेहरे फार छान टिपते.

गुरुजींच्या याशिकात १२० चा रोल बसतो आणि त्यात बारा फोटो येतात. "बारा फोटो म्हणजे बारा वेळा विचार," असे ते म्हणतात. माझ्या ३२ जीबीच्या कार्डात हजारो फोटो मावतात, म्हणून मी विचार न करता बटण दाबत राहते. रविवारी एखादे वेळी गुरुजी आम्हाला बारा फोटोंचेच बंधन घालतात. त्या दिवशीचे फोटो हमखास चांगले येतात, असा आमचा अनुभव आहे.

घागर आणि टँकर

छिद्र, शटर आणि आयएसओ या तिन्हींचा मेळ मला कित्येक दिवस कळत नव्हता. शेवटी गुरुजींनी तो लातूरकरांना चटकन समजेल अशा उदाहरणाने सांगितला. टँकरच्या पाईपने घागर भरायची आहे असे समजा. पाईप रुंद असला तर घागर लवकर भरते. हे झाले छिद्र. पाईप किती वेळ सोडायचा, हे झाले शटर. आणि घागर केवढी, हे झाले आयएसओ. लहान घागर लवकर भरते, पण पाणी थोडेच मिळते. त्याचप्रमाणे आयएसओ वाढवला की थोड्या उजेडातही फोटो उजळ दिसतो, पण तो दाणेदार होतो.

छिद्राचे आकडे मात्र उलटे चालतात. २.८ पेक्षा ४ चे छिद्र लहान, आणि ५.६ चे त्याहून लहान. याचे कारण असे की, हा आकडा म्हणजे लेन्सच्या लांबीचा भागाकार आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २ चे छिद्र म्हणजे २५ मिलिमीटरची वाट. २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या क्रमात प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो.

लख्ख उन्हासाठी एक जुना नियम आहे. छिद्र १६ ठेवावे आणि शटर आयएसओच्या आकड्याइतके. आयएसओ १०० असेल, तर शटर सेकंदाचा शंभरावा भाग किंवा कॅमेऱ्यावर असलेला जवळचा १/१२५. कंधारच्या किल्ल्यात भर दुपारी मी हा नियम पडताळून पाहिला आणि तो तंतोतंत उतरला. दुसरा नियम हात हलण्याविषयीचा: लेन्सच्या मिलिमीटरचा जो आकडा असेल, त्याहून मंद शटर हातात धरून वापरू नये. हलणाऱ्या माणसांना तेवढे पुरत नाही. होळीच्या सुमारास नांदेडला होला-मोहल्ल्याची हल्लाबोल मिरवणूक निघते. तिथे १/५०० पेक्षा कमी वेग ठेवला, तर घोडे आणि निशाणे सारी पुसट येतात.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मी आणखी एक धडा शिकले, आणि तो तांत्रिक नव्हता. घोड्यांचा बाजार, लाल कंधारी जनावरे, पाले टाकून उतरलेली माणसे, सारेच टिपावेसे वाटते. एका म्हाताऱ्या बाईंचा मी न विचारता फोटो काढला. त्या म्हणाल्या, "काढलास तर काढलास, पर मला कवा मिळंल?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी आधी विचारते आणि प्रत देण्याचे कबूल केले, तर ती पोहोचवते.

धूळ, ऊन आणि पाऊस

मराठवाड्यात कॅमेऱ्याला तीन शत्रू आहेत. काळ्या मातीची बारीक धूळ कापडाने पुसू नये, काचेवर ओरखडे पडतात. रबरी फुगा दाबून हवेने ती उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार उडतात. उन्हाळ्यात पारा बेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या गाडीत कॅमेरा ठेवू नये. पावसाळ्यात कातडी पिशवीत कोंडून ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात कॅमेरा ठेवावा. निळे खडे गुलाबी झाले की ओल भरली असे समजावे. ते मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होतात. माझा डबा चिवड्याचा आहे आणि तो उत्तम काम देतो.

माझी चूक

आता बैलांच्या फोटोंविषयी. पोळ्याचे फोटो कार्डातच होते. दोन-तीन आठवड्यांनी कंधारच्या सहलीत कॅमेऱ्यावर कार्डात बिघाड असल्याची सूचना आली आणि 'फॉरमॅट करायचे का?' असा प्रश्न आला. सारे मित्र किल्ल्याच्या खंदकाजवळ थांबले होते. मी घाईने 'हो' म्हटले, आणि त्याच कार्डावर दिवसभरात चारशे फोटो काढले. पोळ्याचे फोटो संगणकावर उतरवलेच नव्हते, हे वसतिगृहावर परतल्यावर लक्षात आले.

औषधाच्या दुकानातल्या दादाने मला त्यामागचे कारण समजावून सांगितले. फोटो पुसला म्हणजे तो लगेच नाहीसा होत नाही. कार्डाला पुस्तकासारखी अनुक्रमणिका असते. पुसताना किंवा साधे फॉरमॅट करताना बहुधा फक्त अनुक्रमणिका कोरी होते, पाने तशीच राहतात. त्या वेळी कार्ड बाजूला काढून ठेवले, तर विशिष्ट प्रोग्रॅम वापरून फोटो परत मिळण्याची पुष्कळ आशा असते. पण त्याच कार्डावर नवे फोटो काढले, की जुन्या पानांवर नवे लेखन होते. मी नेमके तेच केले होते. दादाने दोन रात्री खटपट केली. एका फोटोचा वरचा पट्टा तेवढा मिळाला. त्यात आभाळ आहे आणि रंगवलेल्या शिंगांची टोके आहेत. खाली सारे करडे.

म्हणून आता आमच्या मंडळात काही नियम पाळले जातात. बाहेरून आल्यावर त्याच दिवशी फोटो उतरवून घ्यावेत. दोन ठिकाणी प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसू नये. जाणते लोक 'तीन-दोन-एक' असा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. ज्याच्याकडे संगणक नाही, त्याने निदान एक पेनड्राईव्ह घ्यावा आणि तो नातेवाइकाच्या घरी ठेवावा.

कप्प्यांना नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी गाव व प्रसंग लिहावा. म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. कॅमेऱ्यातले घड्याळ बरोबर आहे ना, ते पाहावे, कारण तारीख फोटोच्या आतच नोंदली जाते. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला, तर तो आक्रसतो आणि आतली ही नोंदही निघून जाते. मूळ फोटो द्यायचा असेल, तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. आणि नको ते फोटो पुसण्याचे धैर्य असावे. एकाच झाडाचे तीस फोटो ठेवले, तर चांगला एक त्यात हरवून जातो.

हे सारे केवळ हौशी माणसांपुरते नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी प्रथम लातूरला आली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. मी तेव्हा चौथीत होते. त्या उन्हाळ्यात टँकरपुढच्या रांगेत मी आईबरोबर घागर घेऊन उभी राहत असे. वडिलांच्या मोबाईलमध्ये त्या रांगेचे फोटो होते. तो मोबाईल केव्हाच बंद पडला. रेल्वेगाडीचे फोटो वर्तमानपत्रांनी जपले असतील. आमच्या रांगेचे कोण जपणार होते?

काचेच्या पट्ट्या

छायाचित्रे जपण्याचे एक मोठे उदाहरण आपल्याच जुन्या संस्थानातले आहे. नांदेड आणि लातूर हा सारा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबादच्या निझामाच्या राज्यात होता. त्या दरबारचे छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. १८४४ साली मेरठजवळ सरधना येथे जन्मलेला हा माणूस रुरकीच्या महाविद्यालयात शिकला, सिकंदराबादेत त्याने स्टुडिओ थाटला आणि सहाव्या निझामाने त्याला 'राजा' हा किताब दिला. १९०५ साली ते वारले. त्या काळी निगेटिव्ह काचेच्या पट्टीवर असे. अशा काचेच्या पट्ट्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आणि त्यांतल्या २८५७ पट्ट्या १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आल्या. दीनदयाळांच्या अनेक छायाचित्रांवर क्रमांक असतो आणि स्थळाचे नाव असते. म्हणूनच शंभर वर्षांनंतरही ती वास्तू कोणती, ते सांगता येते.

आमचे गुरुजीही हेच करत. प्रत्येक रोलला क्रमांक, आणि वहीत तारीख, गाव व माणसांची नावे. परवा कोणी तरी आपल्या वडिलांच्या १९८४ सालच्या निरोपसमारंभाचा फोटो मागायला आले. गुरुजींनी वही उघडली आणि चहा उकळेपर्यंत निगेटिव्ह काढून दिली. माझ्या चारशे फोटोंतला एखादा मला एवढ्या लवकर सापडला नसता.

'व मंडळी'

आता शेवटची गोष्ट. माझ्या आजीचे माहेर औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. गणपती बोळवून माणसे झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे अंगावर कोसळली. या आपत्तीत जवळपास आठ हजार माणसे गेली. आजीचा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि घरातली आणखी माणसे त्यांत होती. घरातले काहीच निघाले नाही. भिंतीवर तसबिरी होत्या, त्याही भिंतीबरोबर गेल्या.

त्या भावाचा एकच फोटो आज आहे, आणि तो आमच्या घरी आहे. १९८१ साली त्याच्या लग्नात उमरग्याहून फोटोवाला बोलावला होता. त्याने दोन प्रती दिल्या होत्या. एक माहेरी राहिली, दुसरी आजीने सासरी आणून पेटीत ठेवली. 'एक प्रत दुसऱ्या ठिकाणी' हा नियम कोणीही न सांगता माझ्या आजीने पाळला होता, आणि म्हणूनच भावाचा चेहरा राहिला.

दिवाळीतच मी तो फोटो पेटीतून काढला. जुन्या फोटोची प्रत अशी करावी: फ्लॅश न वापरता, खिडकीजवळच्या सौम्य उजेडात फोटो सपाट ठेवून, कॅमेरा त्याला समांतर धरावा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेवरूनच टिपावा. प्लास्टिकचे आवरण चढवू नये. मागे लिहायचे झाल्यास मऊ पेन्सिलीने हलकेच लिहावे.

फोटो उलटला, तेव्हा मागे आजोबांच्या अक्षरात निळ्या शाईने साल होते आणि उभ्या असलेल्या नऊ पुरुषांची नावे होती, आडनावासकट. पुढे सतरंजीवर बसलेल्या सात बायकांसाठी दोनच शब्द होते: 'व मंडळी'.

आजीला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. मी टिपलेली प्रत मोबाईलवर मोठी करून एकेक चेहरा तिच्यासमोर धरला. ती बोटाने पडद्याला स्पर्श करून नावे सांगू लागली. माहेरचे नाव, सासरचे नाव, कोणत्या गावची, कोणाची कोण. त्यातल्या तिघी भूकंपात गेल्या. सहा नावे झाली. सातवी बाई कडेला बसली आहे, मांडीवर तान्हे मूल आहे, मुलाने मान फिरवल्यामुळे त्याचा चेहरा पुसट आला आहे. आजी पुष्कळ वेळ पाहत राहिली. "जिभंवर हाय गं नाव, पर येईना," म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तिला ते आठवले नाही. मी यादीत सातव्या आकड्यापुढे जागा कोरी ठेवली आहे. मी पाच वर्षांपूर्वी विचारले असते, तर कदाचित ती भरली असती.

चांगली लेन्स उद्याही विकत मिळेल. ते नाव मात्र आजीजवळ होते, आणि आता बहुधा कोणाजवळच नाही. छायाचित्र कितीही स्वच्छ असो. त्यात कोण आहे, कुठले आहे आणि केव्हाचे आहे, हे लिहिलेले नसेल, तर दोन पिढ्यांत ते परक्याचे होते. माझ्या अल्प अभ्यासाचा सारांश एवढाच.

वाचक मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. येत्या सुट्टीत घरी जाल, तेव्हा पेटीतला किंवा भिंतीवरचा एक तरी जुना फोटो घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसापुढे ठेवा. नावे विचारा, बायकांची आधी विचारा, आणि त्याच दिवशी लिहून ठेवा. त्याची एक प्रत दुसऱ्या घरी द्या.

आणि तो बैलांचा फोटो? तो वरचा पट्टा मी नांदेडला छापून घेतला आणि संक्रांतीला वडिलांच्या हाती दिला. मला वाटले, एवढ्याशा तुकड्यात त्यांना काय दिसणार? त्यांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "हे डावं वाकडं शिंग हाय ना, ते पवळ्याचं. अन् हा हरण्या." मी फोटो उलटून मागे पेन्सिलीने तारीख, गावाचे नाव आणि दोघांची नावे लिहिली. वडील शाळेत फारसे गेलेले नाहीत. पण लिहून झाल्यावर त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचले.